केसरबाईच्या हाताची हळद

माझी नात बीडला नर्सिंगला हाय. सुट्टीला आली की पुस्तक मांडीवर उघडं टाकती आन मोबाइल बघत बसती. परवा मी सुपात ज्वारी पाखडत होते, तर त्या पुस्तकात एका माणसाचा फोटो दिसला. टक्कल, झुपकेदार मिशा, डोळे कसे दमल्यावाणी. म्हणलं, "ह्यो कोन गं?" ती मोबाइलमधनं डोकं न काढता म्हणली, "ह्यो सेमेलवाइस, आज्जी. यानं डॉक्टर लोकांला हात धुवायला शिकवलं." माझ्या हातातलं सूप खाली ठिवलं मी. ह्या माणसाचं पान आमच्या घरात किती वर्सं वाढलं जातंय, आन त्याचं तोंड मी आज बघत होते.

म्हणलं, वाच बाई, काय लिवलंय त्याचं. तिनं वाचलं. अर्धं पान बी न्हवतं, त्याच्या म्होरं लगेच पाश्चर सुरू. "एवढंच?" म्हणलं, तर म्हणती कशी, "दोनच मार्काला येतो तो, आज्जी." माझं डोस्कंच फिरलं. ज्याच्यापायी तुझी आई जित्ती हाय तो दोन मार्काला व्हय? मिट म्हणलं ते पुस्तक, आन बस हितं. त्यात डाक्टर हाय, पर तुझी पणजी न्हाई. ती मी सांगते.

तुझी पणजी म्हंजी माझी सासू, केसरबाई. आमचं गाव शिरूर कासारच्या वरल्या अंगाला, माळावर. हितली जमीन म्हंजी देवानं गाळून उरलेली खडी. केसरबाई गावची सुईण. तिच्या सासूनं तिला शिकवलेलं, तिला तिच्या सासूनं. उंच, काळी, नाकात मोठी नथनी, आन हात असे मोठे की बाप्यानं लाजावं. त्या हातांनी ती बाया सोडवायची आन गायीम्हशी बी सोडवायची. कुणाची गाय अडली की बाप्ये तिच्याच दारात यायचे. ती कुणाला न्हाई म्हणायची न्हाई, पर शिव्या दिल्याबिगर बी उठायची न्हाई. "आदी कुठं मेलतास रे, आता आलास व्हय," असं म्हणतच चपला घालायची.

माझं आन तिचं काही लई गोडीगुलाबीचं न्हवतं. मी बी काही गरीब गाय न्हवते. तिनं एक बोलावं, मी दोन. सासरा आश्रुबा, मी त्यांना मामंजी म्हणायची, ते बिचारे दोघींच्या मधी बसून तंबाखू मळायचे. पर खरं सांगते, त्या बाईएवढी माया माझ्या आईनं बी केली न्हाई. ती माया दाखवायची तिला अक्कल न्हवती, एवढंच.

तिला एक लेक होती, कडूबाई. आदीची दोन लेकरं जगली न्हाईत म्हणून तिसरीचं नाव कडू ठिवलं, म्हंजी मरणानं तोंडात घेतलं तरी थुकून द्यावं. तशी रीतच होती आपल्याकडं. कडू जगली, मोठी झाली, लगीन झालं, आन बहात्तरच्या दुष्काळात पहिल्या बाळंतपणाला आईकडं आली. मी तवा ह्या घरात न्हवते. हे सगळं मला शेजारच्या सारजाबाईनं सांगितलेलं हाय, आन सारजाबाई खोटं बोलायची न्हाई, फकस्त वाढवून बोलायची.

बहात्तरला पाणी म्हंजी काय असतं ते लोक इसरून गेलते. विहिरीत माणूस उतरायचा आन वाटीवाटीनं चिखल खरवडून वर द्यायचा. त्या दिवशी सकाळी रामहरीची गाय अडली. वासरू पोटातच मेलेलं होतं, लई वेळ झालता. केसरबाईनं कोपरापतूर हात घालून ते मेलेलं वासरू ओढून काढलं, गाय वाचली. रामहरी पाया पडला. हात धुवायला पाणी कुठलं? तिनं राखेनं हात चोळले, पदराला पुसले, तवर घरनं सांगावा आला की कडूचं पोट दुखायलंय. तशीच पळत आली आन लेकीला हात घातला.

बाळंतपण झालं, पर लेकरू रडलंच न्हाई. आन तिसऱ्या दिवशी कडूला ताप भरला. थंडी वाजायची, दातावर दात बसायचे, पोटाला हात लावू द्यायची न्हाई. पाचवा दिवस उजाडायच्या आदी कडू गेली. गाव म्हणलं, सटवाईनंच तसं लिवलं असंल, माणसाच्या हातात काय हाय. केसरबाईनं बी ते धरून ठिवलं. लेक गेलेल्या आईला काहीतरी धरायला लागतंच की.

मंग पुढं कैक वर्सांनी गावात दूध सोसायटी झाली. भिंतीवर चुन्यानं मोठ्या अक्षरात सहकाराचं काहीबाही लिवलेलं, आन आत ॲल्युमिनमचे कॅन. तिथंच एकदा सरकारी नर्सबाई आली, आजूबाजूच्या गावातल्या सुईणींला शिकवायला. सारजाबाई काही सुईण न्हवती, तिला रगत दिसलं की चक्कर यायची. पर तिथं चहा मिळतो अशी खबर लागली म्हणून ती बी केसरबाईच्या मागं जाऊन बसली. ती वर्गात बसलती, पर तिचं चित्त किटलीत होतं.

नर्सबाई लई चांगली होती म्हणतात. तिनं आदी एका कापडवाल्याची गोष्ट सांगितली. परदेशातला तो, कापड विकायचा आन भिंगं घासायचा. त्या भिंगातनं त्यानं पाण्याच्या थेंबात वळवळणारे जीव बघितले, डोळ्याला न दिसणारे. बाया हसल्या. म्हणल्या, आमच्या विहिरीतले तर बिनभिंगाचे दिसतेत. मंग तिनं ह्या डाक्टरची गोष्ट सांगितली.

व्हिएन्ना म्हणून एक शहर हाय. तिथल्या मोठ्या दवाखान्यात बाळंतपणाचे दोन वॉर्ड. एकात सुईणी बाळंतपण करायच्या, दुसऱ्यात डाक्टर. आन डाक्टरच्या वॉर्डात बाया पटापटा मरायच्या, तापानं. बाया पाया पडायच्या की आमाला सुईणीच्या वॉर्डात टाका. हे ऐकून सगळ्या सुईणी ताठ होऊन बसल्या, एकमेकीला कोपर मारायला लागल्या. नर्सबाई म्हणली, थांबा, पुढं ऐका. ह्या सेमेलवाइसनं शोधलं की डाक्टर लोक सकाळी मढी चिरतेत, आन त्याच हातांनी येऊन बायांना हात लावतेत. मढ्याचं काहीतरी हाताला चिकटून येतं आन बाईच्या पोटात जातं. त्यानं सगळ्यांला औषधाच्या पाण्यात हात धुवायला लावले, आन बाया मरायच्या थांबल्या. ते चिकटून येणारं काय होतं, ते पुढं पाश्चर म्हणून एका शास्त्रज्ञानं दाखवलं, ज्यानं दूध कशानं नासतं ते शोधलं.

सारजाबाई सांगायची, समद्या जणी माना डोलवत होत्या आन केसरबाई आपल्या हाताकडं बघत होती. एकदा तळवा, एकदा पालथा. मंग तिनं इचारलं, "नर्सबाई, त्याला हे कळायच्या आदी त्याच्या हातनं बी बाया गेल्या असतील की?"

नर्सबाई म्हणली, "गेल्या. तो सवताच म्हणायचा की माझ्या हातानं किती बाया गेल्या ते एका देवाला ठावं."

"मंग पुढं त्याचं काय झालं?"

"लोकांनी ऐकलं न्हाई त्याचं. बाकीचे डाक्टर चिडले, आमचे हात घाण म्हणतो काय म्हणून. शेवटी त्याला येड्याच्या दवाखान्यात ठिवलं, तिथंच मेला तो."

केसरबाई म्हणली, "त्याला पाणी पाजायला कोन होतं का?"

त्या दिवशी ती सोसायटीतनं निघाली ती थेट कडूला जिथं मूठमाती दिली तिथं जाऊन बसली. मामंजी शोधत शोधत गेले आन तिला घरी घेऊन आले. तिनं त्यांना एवढंच सांगितलं की कडू सटवाईनं न्हाई, मी मारली. मामंजी म्हणले, येडे, तुला काय ठावं होतं. ती म्हणली, त्याला बी ठावं न्हवतं. त्या दिवसापासनं तिला जगात एक माणूस घावला, जो तिच्यासारखा होता. गोरा होता, मेलेला होता, पर तिच्यासारखाच होता. त्याचं नाव तिच्या जिभेला कदी वळलं न्हाई. ती आपली "डाक्टर भाऊ" म्हणायची.

मी लगीन होऊन आले तर हे सगळं होऊन गेलतं. मला दिसायचं ते एवढंच की सासूला हात धुवायचं येड लागलंय. सरकारनं दिलेला पत्र्याचा डबा, त्यात साबण, ब्लेड, दोरा. कुठं बोलवणं आलं की आदी म्हणायची, "पाणी उकळाय ठिवा, मंगच मी येते." गावात तिला हातधुई म्हणायचे. आन कुणाच्या बी घरी पाचवी असली की ती आपल्या घरी बी सटवाईला निवद दाखवायची आन बाजूला अजून एक पान वाढायची, डाक्टर भावाचं. मी एकदा म्हणलं बी, "आत्याबाई, आपल्या घरात तेलाचे वांधे, आन तुमी मेलेल्या सायबाला कावून वाढता?" तर म्हणली, "तुझं काय जातं गं, त्याला मागं कुणी न्हाई." मला लई राग आलता तवा.

अजून एक होतं. आपल्याकडं पाचवीला बाळंतीण सुईणीच्या दोन्ही तळव्यांला हळद लावती. ज्या हातांनी जीव आणला त्या हातांचा मान असतो तो. केसरबाई कपाळाला कुंकू लावून घ्यायची, वटी भरून घ्यायची, पर हळदीचं बोट पुढं आलं की हात पदराखाली. "हाताला नगं," एवढंच म्हणायची. बायांला वाटायचं हातधुईला हळदीचा डाग चालत न्हाई. सारजाबाईनं मला खरं सांगितलं तवा मी चुलीपुढं बसून रडले, आन दुसऱ्या दिवशी परत सासूशी भांडले. पर त्या पानावरनं परत कदी बोलले न्हाई.

मंग मला दिवस गेले. तुझी आई पोटात होती. त्या वर्षी बी दुष्काळच. सोसायटीत दूध यायचं बंद झालं, कुलूप पडलं, आन लोकांनी दुधाचे कॅन पाण्याला नेले. दिवाळी झाली की गाव रिकामं झालं. मुकादम बबनरावानं टोळी भरली आन तुझा आजा, राधाकिशन, बैलगाडी घेऊन कारखान्यावर ऊस तोडायला गेला. माझं माहेर बी सगळं तोडीवरच. पहिलं बाळंतपण आईकडं असतं, पर आईच उसाच्या फडात, मंग मी कुठं जाणार? गावात राहिले म्हातारे, लंगडे आन माझ्यासारख्या पोटुशा.

केसरबाईनं आदीच सांगून टाकलं, "वच्छे, तुला मी हात लावणार न्हाई. दिवस भरत आले की शिरूरला दवाखान्यात जायचं." मी म्हणलं, "साऱ्या गावाला लावता, मीच काय वाकडं केलं?" ती म्हणली, "गावाला लावते. माझ्या घरातल्या बाईला माझा हात धार्जिणा न्हाई." तिला भ्या वाटत होतं, आन खरं सांगायचं तर मला बी वाटत होतं. जिची सवताची लेक त्या हातांखाली गेली, तिच्याच हातांखाली मी झोपायचं का, असा इचार माझ्या मनात आलता.

पर पोटातल्याला कुठं पंचांग कळतंय. फाल्गुनातली गोष्ट. भर दुपारी, ऊन असं की माळ नुसता धगधगायचा, आन माझी कळ सुरू झाली. दिवस भरायला अजून अवकाश होता. मामंजी तसेच टोपी घालून सडकेकडं पळाले, शिरूरवरनं जीप मिळती का बघायला. सडक लांब, आन म्हाताऱ्या पायांनी जायचं. माझ्या कळा तर वर वर यायला लागल्या.

बाया जमल्या, गावात होत्या तेवढ्या. केसरबाई दाराच्या भाईर उभी. आत यायला तयार न्हाई. सारजाबाईला म्हणती, "सारजे, तू आत बस, मी हितनं सांगते तसं कर." सारजाबाई म्हणली, "बया, मी तिथं पडले तर एकीच्या दोन होतील." मला त्या कळांत बी हसू आलं आन राग बी आला. मी आतनं वरडले, "आत्याबाई, तुमी आत येता का मी भाईर येऊ?"

मंग ती म्हणली, "पाणी उकळाय ठिवते. थांब."

घरात एकच कळशी पाणी होतं. टँकर येतो येतो म्हणत आलता न्हाई. प्यायला, भाकरीला, सगळ्याला तेवढंच. तिनं ती कळशी सगळी पातेल्यात रिकामी केली. ब्लेड आन दोरा तेवढा त्यातलंच वाटीभर पाणी घेऊन वेगळा उकळला. पातेलं चुलीवर ठिवून ती माझ्याजवळ आली, हात न लावता नुसती बघून गेली. म्हणली, "अजून येळ हाय, दम धर." आन शेणानं सारवलेली भुई झाकायला धुतलेलं लुगडं आणायला ती शेजारी गेली.

तेवढ्यात सारजाबाई चुलीपुढं आली. आता तूच सांग, त्या दिवसांत तांब्याभर पाण्याला माणूस महाग. अशात चुलीवर पातेलंभर पाण्याला आधण आलेलं दिसलं, आन दारात बाया जमलेल्या. दुष्काळात एवढं पाणी माणूस कशाला उकळणार? पाव्हण्याच्या चहालाच की. सारजाबाईला वाटलं, केसरबाईचं मन किती मोठं, सगळ्यांला चहा टाकला. तिनं आपल्या कमरेच्या चंचीतनं जपून ठिवलेली चहापत्ती काढली आन सगळी टाकली. वर गुळाचा खडा. आपला बी हातभार असावा म्हणून.

केसरबाई आली. पातेल्यात बघितलं. काळाभोर, गोड वास सुटलेला चहा. मला वाटलं आता ही सारजाबाईला चुलीत घालती. मला आतनं दारातनं सगळं दिसत होतं. ती चुलीपुढं मटकन बसली, हात मांडीवर पालथे टाकले आन बारीक आवाजात म्हणली, "सारजे, माझं हात धुवायचं पाणी होतं गं ते. असंच झालतं कडूच्या टायमाला. पाणीच न्हवतं."

मी त्या बाईला कदी रडताना बघितलं न्हवतं. ती रडत बी न्हवती, नुसती बसली होती, आन मला कळलं की ही आता उठणार न्हाई. मला लई भ्या वाटलं. मी मरंल म्हणून न्हाई, ही अशीच बसून राहील म्हणून.

सारजाबाईचं तोंड पांढरं पडलं. वर्गात चहा पिता पिता जे कानावरनं गेलतं ते सगळं तिला एकदम आठवलं असणार. ती पळाली. तिच्या घरात माळ्यावर एक कॅन लपवलेला होता, सोसायटीचा, खाली तळाला थोडं पाणी. त्याच पाण्यावरनं तिचं आन केसरबाईचं मागच्या टँकरला भांडण झालतं, दोघी बोलत बी न्हवत्या बाळंतपण निघेपतूर. तिनं तो कॅन आणला आन धुतलेल्या हांड्यात ओतला. "आदी माझं," म्हणली. मंग दारात उभी राहून बायांला म्हणली, "ज्याच्या घरात जे हाय ते आणा. तांब्या आणा, गडू आणा. ह्या बाईनं तुमच्या सुना सोडवल्यात, आज तिची सून अडलीय."

आन बाया गेल्या. कुणी कुणाला इचारलं न्हाई. आंधळी म्हातारी सुंदररावाची आई, ती भिंतीला धरून धरून आली, तिच्या गडवात घोटभर पाणी, तिचं सवताचं प्यायचं. रामहरीची बायको आली, ज्याची गाय केसरबाईनं वाचवली होती त्याची. तिनं तर बैलाच्या बादलीतलं गाळून आणलं. सगळं हांड्यात पडत होतं आन मला आतनं आवाज येत होता. सोसायटीचे चेअरमन सहकारावर भाषण करायचे तवा मला काही कळायचं न्हाई, झोप यायची. त्या दिवशी बिनभाषणाचं कळलं.

पाणी परत चुलीवर चढलं. ह्या टायमाला सारजाबाई सवता चुलीपुढं राखण बसली, कुणाला जवळ येऊ देईना. उकळलं, थोडं निवलं, मंग केसरबाई उठली. तिनं बांगड्या मागं सारल्या, साबण घेतला आन कोपरापतूर हात धुतले. बोटांच्या बेचक्या, नखं, परत नखं. एक म्हातारी म्हणली, "बास की गं, सोलून काढती काय." केसरबाई म्हणली, "ओत." सारजाबाई ओतत राहिली. खाली घमेलं ठिवलेलं, ते पाणी झाडाला.

मंग ती आत आली, हात असे वर धरून, कशाला लागू न देता. माझ्यापुढं बसली. तिचे ओठ हालत होते. मला वाटलं सटवाईचं नाव घेती. ती म्हणत होती, "डाक्टर भाऊ, हायेस ना रं जवळ. डाक्टर भाऊ." मंग माझ्याकडं बघून म्हणली, "वच्छे, मी हात लावू का तुला?"

एवढी वर्सं ह्या बाईनं मला कशाला इचारलं न्हवतं. माझ्या मनातलं भ्या तिथंच गेलं बघ. मी म्हणलं, "लावा आत्याबाई, तुमच्याच हातानं होऊ द्या."

दिवस मावळायच्या आदी तुझी आई झाली. लगेच रडली, अशी रडली की माळावर ऐकू गेलं. नाळ उकळलेल्या ब्लेडनं कापली. केसरबाईनं तिला पुसून माझ्या कुशीत दिली आन भाईर जाऊन बसली. सारजाबाईनं दारातनं इचारलं, "काय झालं?" "लेक," म्हणली केसरबाई. "आता त्यो चहा गरम कर, वाया घालू नगस." आन सगळ्या बायांनी त्यो कडू-गोड काळा चहा पिला. मामंजी जीप घेऊन आले तर जीपवाल्याला बी दिला.

पर गोष्ट तिथं संपली न्हाई. ताप येतो तो तिसऱ्या दिवशी, हे तिला ठावं होतं, मला बी ठावं होतं. तिसऱ्या दिवशी ती माझ्याजवळनं हालली न्हाई. घडीघडीला कपाळाला पालथा हात लावायची, मंग पोटाला, मंग परत कपाळाला. मी म्हणलं, "आत्याबाई, झिजंल कपाळ माझं." ती हसली न्हाई. "दुखतंय का कुठं? थंडी वाजती का?" न्हाई म्हणलं तर परत तेच. मला घाम आला, उनाचा, तर तिचं तोंड असं झालं की मीच तिला म्हणलं, "उकडतंय म्हणून हाय ते, हात लावून बघा." तिनं हात लावला. गार होतं अंग. सांजच्याला तिनं भाकरी खाल्ली, त्या दिवसातली पहिली.

चौथा दिवस बी तसाच गेला, अंग गारच.

पाचवीला काही मोठा घाट न्हवता, दुष्काळात कुठला. पाटा-वरवंटा मांडला, हळदकुंकू, एक कोरा कागद आन पेन्सिल, सटवाईनं रातच्याला लिवावं म्हणून. निवदाला गुळभाकरी. केसरबाई पान मांडायला वाकली तर मी म्हणलं, "थांबा, डाक्टर भावाचं मी वाढते." ती बाजूला सरली. मी गुळाचा त्यातल्या त्यात मोठा खडा बघून त्याच्या पानावर ठिवला. तवापासनं ते पान मीच वाढत आलेय.

मंग सुईणीचा मान. तिला पाटावर बसवलं. कुंकू लावलं, वटीत ज्वारी घातली. हळदीची वाटी सवयीनं बाजूलाच ठिवली होती मी, तिला नगं असती म्हणून. सारजाबाई वाटी उचलून न्यायला लागली.

केसरबाई म्हणली, "राहू दे ती."

आन तिनं दोन्ही हात पदराखालनं काढून माझ्यापुढं धरले, तळवे वर. हातावर साबणानं भेगा पडल्या होत्या. मी हळद कालवली आन लावली, पयले उजव्या हाताला, मंग डाव्याला, बोटांच्या बेचक्यापतूर. माझे डोळे भरून आलते, मला नीट दिसत बी न्हवतं. ती लेकराकडं बघत होती. म्हणली, "कडू असती तर आत्या झाली असती हिची." तिच्या तोंडून कडूचं नाव पाचवीच्या दिवशी कुणी ऐकलं न्हवतं. सारजाबाई पदरात तोंड घालून बसली.

त्या दिवशी केसरबाईनं भाकरी थापली न्हाई, शेळीची धार काढली न्हाई. उंबऱ्यात बसून राहिली, लेकरू मांडीवर, पिवळे हात त्याच्यावर. दुपार कलता टँकरचा हॉर्न वाजला. इतक्या दिवसांनी आलता. बाया घागरी, कॅन, डबे, जे घावलं ते घेऊन पळाल्या. सारजाबाईनं पळता पळता हाक मारली, "केसरे, ऊठ की, पाणी आलंय."

केसरबाई जागची हालली न्हाई. म्हणली, "माझी बी घागर तूच भर आज. मला हात भिजवायचे न्हाईत."